तंतूची लांबी आणि वस्तूचे बळ

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला, तोही मराठी माध्यमातून. तेव्हा प्लॅस्टिक आणि काचेचे तंतू या विषयावर मी लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणींना धाडसाचे वाटेल. पण हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. माझ्याच हातून झालेल्या एका हिशेबाने तो माझ्यापुढे आणून ठेवला. तो हिशेब आकड्यांनी बरोबर होता, तरीही चुकला. कसा चुकला, ते सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतला मामांकडे गेले होते. मामा निपाणीहून पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे गेले. उधना भागात त्यांचे प्लॅस्टिकच्या वस्तू साच्यातून काढण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. दोन इंजेक्शन मशिने, सात-आठ माणसे आणि कोपऱ्यात लाकडी टेबलाचे ऑफिस, एवढाच पसारा. त्या भागात आपली मराठी माणसे पुष्कळ. बहुतेक खानदेशातली, जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. मामांच्या मशिनवर वीस वर्षे काम करणारे आप्पाही त्याच बाजूचे.

मामांकडे त्या वेळी यंत्रमागाला लागणाऱ्या एका लहान ब्रॅकेटची ऑर्डर होती. हा ब्रॅकेट ग्लासवाल्या नायलॉनचा, म्हणजे ज्यात वजनाने ३० टक्के काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात अशा नायलॉनचा. हा माल दाण्यांच्या रूपात पोत्यातून येतो. दाणा मशिनच्या वरच्या तोंडात ओतायचा. आत तापलेल्या नळकांड्यात एक स्क्रू फिरतो, तो दाणा वितळवून पुढे ढकलतो, आणि वितळलेला रस दाबाने साच्यात शिरतो. साचा उघडला की ब्रॅकेट मिळतात. त्यांच्याबरोबर, रस ज्या वाटांनी साच्यात गेला त्या वाटांच्या काड्याही निघतात. त्यांना रनर म्हणतात. आमच्या त्या साच्यात १०० किलो दाणा गेला तर ब्रॅकेट ६० किलोचे आणि रनर ४० किलोचा, असे प्रमाण पडत होते.

रनर फेकून देत नाहीत. तो ग्राइंडरमध्ये दळून नव्या दाण्यात मिसळतात. पण मामा १० टक्क्यांच्या वर मिसळू देत नसत. उरलेला रनर भंगारात स्वस्तात जाई. मला हे पाहवेना. मी वही उघडली. समजण्यापुरते आकडे घेऊ : नवा दाणा किलोला २५० रुपये, भंगाराचा भाव ६० रुपये. दर १०० किलो मालामागे ३० किलो रनर भंगारात जातो. तो सगळा परत वापरला तर ३० किलो दाण्याचे ७५०० रुपये वाचतात, भंगाराचे १८०० बुडतात. निव्वळ फायदा ५७०० रुपये. मी मामांना म्हटले, ‘‘मामा, तुम्ही दर १०० किलोला जवळजवळ सहा हजार रुपये भंगारवाल्याला दान करताय.’’

आप्पा म्हणाले, ‘‘ताई, दळलेल्या मालात दम राहत नाही.’’ दम म्हणजे काय, ते त्यांना सांगता येईना आणि मला वहीत मांडता येईना. मामांनी माझ्याकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले, आणि भाचीचे ऐकले. प्रमाण ४० टक्क्यांवर गेले.

दोन महिन्यांनी, मी परत गावी आल्यावर, मामांचा फोन आला. ब्रॅकेट मागावर तुटत होते. सगळे नव्हे, पण पुरेसे. गिऱ्हाइकाने आख्खा माल परत पाठवला होता. मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘अगं, तुझ्या वहीत काय राहिलं ते शोध बघू.’’ दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा सुरतला गेले, ती ते शोधायलाच.

वजन तेच, काच तीच

पहिला संशय असा की, दाणा देणाऱ्याने काच कमी घातली असेल. ही तपासणी सोपी आहे. तुकड्याचे वजन करायचे, तो भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा. नायलॉन जळून जाते, काच उरते. उरलेल्या काचेचे वजन केले की टक्केवारी कळते. माझा मामेभाऊ अभियांत्रिकीला आहे. त्याने आपल्या प्रयोगशाळेत ही तपासणी करून घेतली. जुन्या, चांगल्या ब्रॅकेटमध्ये काच ३० टक्के. तुटलेल्यातही ३० टक्केच. वजन सारखे, माप सारखे, रंगही सारखा.

मग दादाने उरलेल्या काचेची चिमूट पाण्यात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला पाहायला लावले. चांगल्या ब्रॅकेटमधली काच बारीक काड्यांसारखी दिसत होती, काही लांब, काही आखूड. तुटलेल्यातल्या काड्या त्यांहून स्पष्टपणे आखूड होत्या आणि मधूनमधून नुसती भुकटी होती. काच तेवढीच होती, पण तिचे तुकडे झाले होते. आप्पांचा ‘दम’ मला तिथे दिसला.

तंतू भार कसा उचलतो?

मिसळलेल्या तंतूमुळे वस्तू मजबूत होते, हे आपल्याला नवे नाही. मातीच्या भिंतीच्या गिलाव्यात आपले आजोबा भुसा आणि काड घालत. प्लास्टरच्या गणपतीच्या मूर्तीत काथ्या घालतात. माझी आजी कानडी. ती काथ्याला ‘तेंगिन नारु’ म्हणते, म्हणजे नारळाचा तंतू. मराठीत नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा निघणारा किडा, त्यामुळे लहानपणी मला तो शब्द ऐकून भीती वाटायची. पण तंतूला एक नाव हवे तर नारु काय वाईट?

आता एक कल्पना करा. ओल्या मातीच्या ढेकळात सुतळीचे एक टोक खुपसले आणि माती वाळू दिली. सुतळी फक्त बोटाच्या पेराएवढी आत असेल, तर ओढल्यावर ती अलगद निसटून येते. वीतभर आत असेल तर निसटत नाही. जास्त जोर केला तर सुतळीच तुटते. पहिल्या वेळी सुतळीची ताकद वाया गेली, कारण मातीची पकड पुरली नाही. दुसऱ्या वेळी सुतळीची सगळी ताकद कामी आली.

प्लॅस्टिकमधल्या काचेच्या तंतूचे नेमके हेच होते. वस्तूवर ताण आला की तो आधी प्लॅस्टिकवर येतो. प्लॅस्टिक तंतूच्या अंगाला चिकटलेले असते, त्या चिकटलेल्या पृष्ठभागातून ताण तंतूत शिरतो. तंतूच्या अगदी टोकाला ताण जवळजवळ शून्य असतो. टोकापासून आत जावे तसा तो वाढत जातो. तंतू पुरेसा लांब असेल तर मध्यावर तो आपल्या पूर्ण ताकदीपर्यंत पोचतो. तंतू आखूड असेल तर पूर्ण ताकदीला पोचायच्या आतच दुसरे टोक येते.

जेवढ्या लांबीला तंतूचा मध्य जेमतेम पूर्ण ताणाला पोचतो, तिला निर्णायक लांबी म्हणतात. ताण टोकांकडून तंतूत कसा शिरतो याचे गणित ब्रिटनमध्ये कॉक्स यांनी १९५२ साली मांडले. निर्णायक लांबीचा विचार केली आणि टायसन यांनी १९६५ साली धातूंतील तंतूंवर प्रयोग करून पक्का केला. सूत्र सोपे आहे : तंतूची ताकद गुणिले त्याची जाडी, भागिले पकडीची दुप्पट.

आपल्या मालासाठी आकडे घालून पाहू. काचेचा तंतू साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जाड. आपल्या केसाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याएवढा. त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटन धरू आणि नायलॉनची पकड ३५ न्यूटन. मग निर्णायक लांबी येते ०.२९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.३. काच आणि प्लॅस्टिक यांची पकड ढिली असेल तर ही लांबी वाढते. म्हणूनच काचेच्या तंतूंना कारखान्यात आधीच एक पातळ लेप देतात, ज्यामुळे प्लॅस्टिक त्यांना घट्ट धरते. पॉलिप्रॉपिलिनसारखे प्लॅस्टिक मुळातच काचेला नीट चिकटत नाही. त्यात खास जोडद्रव्य घातले नाही तर तंतू बराच लांब लागतो.

स्थिर खर्चाचे उदाहरण

इथपर्यंत आल्यावर मला एकदम आमच्या परिव्यय लेखांकनाच्या तासाची आठवण झाली. प्रत्येक तंतूच्या दोन्ही टोकांना थोडी लांबी ‘वाया’ जाते. तंतू लांब असो वा जरा कमी लांब असो, हा टोकांचा तोटा तेवढाच. म्हणजे तो स्थिर खर्च झाला, कारखान्याच्या भाड्यासारखा. उत्पादन वाढले की दर नगामागे भाड्याचा वाटा कमी होतो. तसाच तंतू लांब झाला की दर मिलिमीटरमागे टोकांचा तोटा कमी होतो.

निर्णायक लांबी ०.३ मिलिमीटर धरली तर हिशेब असा येतो. तंतू ३ मिलिमीटरचा असेल तर आपल्या ताकदीच्या सरासरी ९५ टक्के कामाला येतो. १.५ मिलिमीटरचा असेल तर ९० टक्के. ०.६ चा असेल तर ७५ टक्के. बरोबर ०.३ चा असेल तर ५० टक्के. आणि ०.१५ चा असेल तर फक्त २५ टक्के. वरच्या टोकाला लांबी निम्मी झाली तरी ९५ चे ९० होतात, फारसे बिघडत नाही. खालच्या टोकाला निम्मी झाली तर ५० चे २५ होतात. गिऱ्हाईक भरपूर असलेल्या दुकानाला चार गिऱ्हाइके गेल्याने फरक पडत नाही. जेमतेम भाडे निघणाऱ्या दुकानाला तेवढ्यानेच टाळे लागते.

आणि इंजेक्शन मशिनमधून निघालेली वस्तू नेमकी याच खालच्या टोकाला असते. दाणा तयार करणारा कारखाना ३ ते ४.५ मिलिमीटर लांबीचे काचेचे तुकडे नायलॉनमध्ये मिसळतो. मिसळतानाच ते तुटून एक मिलिमीटरच्या खाली येतात. मग आमच्या मशिनमधला स्क्रू, अरुंद वाटा, गेटचे बारीक भोक, वळणे, आणि तंतूंचे एकमेकांवर आपटणे. या सगळ्यांतून साच्यात पोचेपर्यंत सरासरी लांबी ०.२ ते ०.४ मिलिमीटर राहते. म्हणजे नव्या कोऱ्या दाण्यातून काढलेली वस्तूही निर्णायक लांबीच्या काठावरच उभी असते. तोच माल ग्राइंडरच्या पात्यांखाली दळून पुन्हा स्क्रूमधून काढला, की तो काठाच्या पलीकडे जातो.

दळण पुन्हा दळले जाते

माझ्या वहीत आणखी एक गोष्ट राहिली होती. मी समजत होते की, ४० टक्के माल एकदा दळलेला असेल. पण आजच्या मिश्रणातून निघालेला रनर उद्या पुन्हा मिश्रणात जातो. त्यात कालचे दळण असतेच. चक्रवाढ व्याजासारखे हे चालते. ४० टक्के मिसळत राहिले तर काही दिवसांनी १०० किलोत ६० किलो नवा दाणा, २४ किलो एकदा दळलेला, ९.६ किलो दोनदा दळलेला आणि उरलेला ६.४ किलो तीन किंवा अधिक वेळा दळलेला असतो. तेच १० टक्के मिसळले तर ९० किलो नवा, ९ किलो एकदा दळलेला, आणि त्याहून जास्त दळलेला मिळून फक्त १ किलो. मामांचा १० टक्क्यांचा नियम कंजूषपणाच्या उलट होता, तो अनुभवाचा होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळा दोष तंतूंच्या लांबीचा नव्हे. नायलॉन हवेतली ओल शोषते. दळलेला माल नीट वाळवला नाही तर वितळताना त्या ओलीने नायलॉनच्या स्वतःच्या साखळ्याही तुटतात. शिवाय वस्तूचा सगळा भार तंतूच उचलत नाहीत, काही भार नायलॉन उचलते; म्हणून तंतूंचे काम निम्मे झाले म्हणजे वस्तू निम्मी कमजोर झाली असेही नव्हे. पण ब्रॅकेटच्या मापात जी थोडी शिल्लक ठेवलेली असते, ती अशाने संपते.

मग हाताने वाकवून पाहताना आम्हांला फरक का कळला नाही? त्याचेही उत्तर मिळाले. वस्तूचा ताठपणा, तिची ताकद आणि धक्का सोसण्याची शक्ती या तीन गोष्टी लांबीला सारख्या प्रमाणात बांधलेल्या नाहीत. ताठपणा आखूड तंतूंनीही बराचसा टिकतो. ताकदीला त्याहून लांब तंतू लागतात. धक्का सोसायला सर्वांत लांब. तडा उघडू लागला की त्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवायचे काम तंतू करतात. ते ओढले जाऊन बाहेर येताना घर्षणात धक्क्याची शक्ती खर्च होते. आखूड तंतू पटकन निसटतात. यंत्रमाग तर दिवसभर धक्केच देतो. टेबलावर ताठ वाटणारा ब्रॅकेट मागावर म्हणूनच तुटला.

सुरतेची जुनी बदनामी

हे सगळे सुरतेत घडावे यात एक योगायोग आहे. आखूड तंतूपायी सुरतेचे नाव एकदा साता समुद्रापार बदनाम झाले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मग हिंदुस्थानचा कापूस तिकडे गेला. तो कुठलाही असो, तिथे त्याला ‘सुरत’ म्हणत. आपल्या देशी कापसाचा धागा आखूड; तो तिथल्या यंत्रांवर सारखा तुटे. तुटलेले धागे जोडण्यात कामगारांचा वेळ जाई आणि कामावर मजुरी ठरलेली असल्याने कमाई घटे. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशा अर्थाची त्यांची प्रार्थना प्रसिद्ध आहे. ‘सुरत’ हा शब्द हलक्या मालाला शिवी म्हणून रूढ झाला, इतका की आपल्या दारूला ‘सुरत’ म्हटले म्हणून एका इंग्रज दारूवाल्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला. याच कापसाच्या पैशाने मुंबईत सट्टा फुगला आणि १८६५ साली फुटला. त्यातले मोठे नाव प्रेमचंद रायचंद हेही जन्माने सुरतचेच.

सुतातही तत्त्व तेच आहे. पीळ दिल्यामुळे कापसाचे तंतू एकमेकांना घर्षणाने धरतात. तंतू आखूड असेल तर पकड अपुरी पडते आणि तो निसटतो. फरक एवढाच की तिथे पकड पिळाची, इथे प्लॅस्टिकची.

ही बदनामी पुसण्याचे मोठे काम सुरतेनेच केले. तेथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हे कापसाचे वाण तयार केले. १९७० साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले. व्यापारी लागवडीत आलेले ते जगातले पहिले संकरित कापूस वाण होय. त्याचा धागा जुन्या देशी कापसापेक्षा लांब आणि उत्पन्नही भरघोस.

लांब म्हणजे चांगलाच का?

तर मग सगळीकडे लांबच तंतू का वापरत नाहीत? कारण लांब तंतूचा माल सहज वाहत नाही. पातळ, बारीक नक्षीच्या साच्यात तो कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कामाप्रमाणे पद्धत बदलते. विजेच्या स्विचगिअरच्या पेट्यांसाठी ६ ते १२ मिलिमीटर तंतूंचा पिठाच्या गोळ्यासारखा माल साच्यात दाबतात. मोठ्या सपाट वस्तूंसाठी २५ मिलिमीटर तंतूंची चादर तापल्या साच्यात दाबतात. हाताने थर देऊन करायच्या वस्तूंत सुमारे ५० मिलिमीटर तंतूंची चटई असते. इंजेक्शनसाठीही हल्ली लांब तंतूंचा दाणा मिळतो. त्यात दाणा १० ते १२ मिलिमीटरचा आणि तंतूही तेवढाच. पण तो नेहमीच्या घाईने चालवला तर आतच तुटतो आणि महाग मालाचे पैसे वाया जातात. स्क्रू हळू फिरवायचा, मागचा दाब कमी ठेवायचा, गेट मोठे आणि वळणे गोल करायची, हे पथ्य पाळावे लागते.

मामांनी गिऱ्हाइकाला सगळा माल बदलून दिला. दळण पुन्हा १० टक्क्यांवर आले. उरलेला रनर आता ज्यांवर भार येत नाही अशा टोप्या आणि ठोकळ्यांसाठी वापरतात, त्यामुळे भंगारात पूर्वीपेक्षा कमी जातो. माझ्या वहीचा तेवढा उपयोग झाला. बदलून दिलेल्या मालाचा तोटा मात्र माझ्या दाखवलेल्या फायद्याच्या कितीतरी पट होता.

पण एक रक्कम त्या हिशेबातही आलेली नाही. मामा मला त्या यंत्रमागांच्या खात्यात घेऊन गेले होते. तिथे माग चालवणारे बहुतेक ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातले. त्यांना मजुरी मीटरवर मिळते; माग थांबला की मजुरी थांबली. लँकेशायरच्या कामगारांसारखीच. ब्रॅकेट तुटून माग जितके तास बंद राहिले, तितके त्यांचे बुडाले. मामांनी माल बदलून दिला, पण त्या तासांचे पैसे कोणी कोणाला दिले नाहीत. आप्पांच्या एका वाक्याकडे मी लक्ष दिले असते तर ते बुडालेच नसते. ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या प्राध्यापकांनी सांगितल्यास आभारी होईन.